गमऱ्यांचा हिवाळा

घोड्याला हात लावण्याआधी गमरे आपले हात काखेत धरून ऊब देत. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पागेच्या दारात ते असे उभे असायचे, दोन्ही पंजे काखेत दाबून, डोळे अर्धवट मिटून. नव्या माणसाला वाटायचं, थंडी वाजतेय यांना. थंडी त्यांना वाजत नसे. "गार हात लागला का जनावर अंग चोरतं, बाई. मग दिवसभर चोरूनच ऱ्हातं," असं त्यांनी मला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील अचानक गेले होते, आई होती, आणि मला नोकरी हवी होती. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या मुली टेलिफोनमध्ये नाहीतर सरकारी कचेरीत लागत होत्या. मला मिळाली ती लालबाग आणि परळच्या मधल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात, आणि तो दवाखाना घोड्यांचा. संध्याकाळी जिना चढताना कुणी ना कुणी गॅलरीतून विचारायचंच, "काय कुमुद, आज किती घोड्यांना पडसं?"

दवाखाना म्हणजे मागे आठ-दहा घोडी मावतील एवढी पागा, पुढे औषधांची खोली, कोठी, आणि रस्त्याकडे उघडणारी माझी खिडकी. व्हिक्टोरियावाले आणि मालाच्या गाड्या हाकणारे आपापली जनावरं घेऊन येत. मी केसपेपर करायची : मालकाचं नाव, घोड्याचा रंग, वय, तक्रार. डॉक्टर सकाळी दोन तास यायचे. उरलेल्या वेळात दवाखाना म्हणजे भिकाजी गमरे.

हुद्दा ड्रेसरचा, म्हणजे जखमा धुऊन पट्ट्या बांधणाऱ्याचा. गाव दापोलीकडचं, बिऱ्हाड नायगावच्या बी. डी. डी. चाळीत. लढाईच्या वर्षांत ते देवळालीला फौजेच्या पागेत होते, आणि तिथून येताना दोन गोष्टी घेऊन आले होते : एक, कडक पांढरी टोपी घालायची सवय, आणि दुसरी, घोड्यांशी हिंदीत बोलायची. आमच्याशी मराठी, घोड्यांशी हिंदी. "घूम जा बेटा. पैर दे. शाब्बास." मराठीत बोललं तर घोडा ऐकत नाही का, असं मी एकदा विचारलं. "ऐकंल की," ते म्हणाले, "पन मलाच ती भाषा यायची नाय. शिव्या येतात माज्या तोंडात मराठीत."

आज मी 'ते गमरे' लिहितेय. तेव्हा दवाखान्यात त्यांना सगळे अरे-तुरे करत. पन्नाशीला आलेल्या त्या माणसाला मीही, एकोणीस वर्षांची पोर, खिडकीतून हाक मारायची, "ए गमरे, इकडे ये." ते मला 'बाई' म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. त्यात काही वावगं आहे असं मला पहिले काही महिने सुचलंसुद्धा नाही.

मुंबईला हिवाळा नसतो असं आपण म्हणतो. गमऱ्यांच्या मते मुंबईचा हिवाळा घोड्यांना फार खोटा होता. चार महिने पावसात भिजून मऊ झालेले खूर नोव्हेंबरच्या कोरड्या वाऱ्याने एकदम आक्रसतात आणि तडकतात. अंगावरची लव वाढते, पण निस्तेज होते. बोरीबंदरहून दौडत आलेला घोडा घामाने निथळत वाऱ्यात उभा राहतो, घाम अंगावरच गार होतो, आणि कातडीवर खवले धरतात. यावर गमऱ्यांचा इलाज औषधाच्या आधी सुरू व्हायचा. गवताचा बोळा करून आधी घाम टिपायचा. मग खरारा, मग ब्रश, आणि शेवटी नुसता तळहात, तोही केसांच्या उलट. उलट्या हाताला खवला लागतो, गाठ लागते, गरम जागा लागते. सुलट हाताला सगळे घोडे सारखेच, असं त्यांचं म्हणणं. अंग पुरतं कोरडं झाल्याशिवाय झूल घालायची नाही. खूर मांडीवर घेऊन आकडीने साफ करायचा तो टाचेकडून पुढे, आणि साफ करून झाल्यावर आकडी नाकाशी न्यायची.

"वास घ्या, बाई," असं म्हणून एकदा त्यांनी ती आकडी माझ्या खिडकीत आणून धरली. मी पदर नाकाला लावून ओरडले. ते निवांत उभे. "हा कुजलेल्याचा वास. एकदा ध्यानात ऱ्हायला का घोडा आत यायच्या आदी कळंल, केसपेपरवर काय लिवायचं ते." आणि खरंच, महिन्याभरात मला खिडकीत बसल्या बसल्या तो वास ओळखू येऊ लागला.

तडकलेल्या खुरांना आणि टाचेवरच्या भेगांना ते लावायचे कोकमाचं मुठेल. कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल, मुठीने दाबून केलेले त्याचे गोळे, त्यांच्या गावाहून बोटीने येणाऱ्या कुणाबरोबर तरी भाऊच्या धक्क्यावर उतरायचे. स्टोव्हवर वितळवताना सगळ्या दवाखान्यात आंबूस वास सुटायचा.

त्यांना राग आलेला मी दोनदाच पाहिला. एकदा इब्राहिमभाईंवर. इब्राहिमभाई लालबागचे व्हिक्टोरियावाले, रेशमा नावाच्या तांबूस घोडीचे मालक. गाडीच्या लायसनसाठी घोडी तपासून घ्यायची होती. ती चकाकावी म्हणून आठवडाभर रोज पहाटे ते तिला नळाखाली धूत होते. घोडी आली तेव्हा तिच्या पाठीवरची लव झुबक्या-झुबक्यांनी निघत होती आणि खाली कातडी ओली, लालसर.

"किसने बोला था धोने को?" गमऱ्यांनी विचारलं.

"उस्ताद, पासिंग है. जरा चमकनी चाहिये ना."

गमऱ्यांनी तांब्या उचलला. बादलीतलं तांब्याभर पाणी घेतलं आणि इब्राहिमभाईंच्या मानेवरून सदऱ्याच्या आत ओतलं. इब्राहिमभाई किंचाळले. "आता ऱ्हावा हितं वाऱ्यात," गमरे रागाने मराठीवर आले होते. "सदरा काढायचा नाय. मी घोडी पुसून होईपर्यंत." आणि नवल म्हणजे इब्राहिमभाई खरोखर उभे राहिले, अर्धा तास, दात वाजवत. आत गमरे रेशमाला गोणपाटाने टिपत होते. जाताना इब्राहिमभाई मला म्हणाले, "बाई, उस्ताद बराबर है. पानी ठंडा होता है."

दुसरा राग मात्र असा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्यात माझा हात होता.

त्याच पहिल्या हिवाळ्यात, डिसेंबरअखेर, पागेतला एक म्हातारा पांढरा घोडा मेला. मालाच्या गाडीचा होता, मालकाने सोडून दिलेला. गमऱ्यांनी वीस दिवस त्याच्या खांद्यावरची जखम धुतली होती, कूस बदलायला माणसं गोळा करून त्याला उलटवलं होतं, पडून पडून कातडी जाऊ नये म्हणून खाली भुसा पसरला होता. मेला तेव्हा त्यांनी त्याच्या अंगावर झूल टाकली आणि हात धुऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. मेलेली जनावरं फाटकापर्यंत ओढून नेणारी माणसं त्या दिवशी आली नव्हती. कोठी सांभाळणारे पाटकर बाहेर आले.

"गमऱ्या, ऊठ. दोरी लाव आणि ओढ त्याला फाटकापर्यंत."

"ते काम माजं नाय, साहेब."

"तुझं नाही? तुझ्या बापजाद्यांनी काय केलं मग जन्मभर?"

गमरे उठून उभे राहिले. आवाज चढला नव्हता. "तेच केलं साहेब. म्हनून मी नाय करनार. जिता हाय तवर त्याचा पू काढीन, मूत काढीन, मिठी मारून उचलीन. मेलेलं वढायचं आमी गावात सोडलं. ते हितं येऊन धरायचं नाय."

पाटकर तडक माझ्या खिडकीशी आले आणि त्यांनी मला रिपोर्ट सांगितला. 'नेमून दिलेले काम करण्यास उद्धटपणे नकार दिला.' मी लिहून घेतला. ते काम गमऱ्यांना कधीच नेमून दिलेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. कामांची यादी माझ्याच टेबलाच्या खणात होती. मी बोलले नाही. माझं अक्षर चांगलं होतं, पाटकर त्याचं नेहमी कौतुक करायचे, आणि मी तो कागद नेहमीसारखा सुबक लिहिला.

दवाखान्याच्या विश्वस्त मंडळींनी आठ दिवस गमऱ्यांना घरी बसवलं. सही करताना त्यांनी कागद ओळीवरून बोट फिरवत पूर्ण वाचला. मग म्हणाले, "अक्षर झ्याक हाय, बाई."

गमरे ते आठ दिवस घरी बसले नाहीत. रोज सकाळी नायगावहून चालत येत आणि फाटकाच्या बाहेर, गजांना धरून उभे राहत. आत पाऊल टाकत नसत. बदलीवर आलेल्या माणसाला तिथून सांगत, "त्या काळ्याचा मागचा डावा बघ. भेगेत वाळू अडकते. नाय, नाय, टाचेकडनं." मी मान खाली घालून केसपेपर लिहीत असे.

ते कामावर परत आले आणि थोड्याच दिवसांत मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली, मोर्चे निघाले, गोळीबार झाले, आणि आमच्या भागात संचारबंदी लागली. मला गिरगावला परतता येईना. परळला माझी आत्या राहायची, दवाखान्यापासून तीन गल्ल्यांवर; मी तिच्याकडे अडकले. डॉक्टर, पाटकर, कुणीच पोचू शकत नव्हतं. सकाळी तासाभराची मोकळीक मिळे तेव्हा मी मागच्या गल्ल्यांतून दवाखान्यात जात असे आणि पुढची मोकळीक मिळेपर्यंत तिथेच थांबत असे. गमरे पहिल्या दिवसापासून पागेतच मुक्कामाला होते. सात घोडी होती. चारा पुरवून घालत होते, आणि एकटेच सगळ्यांचे अठ्ठावीस खूर रोज साफ करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गिरणीकामगार मोकळिकीच्या वेळात सांगत आला, की इब्राहिमभाईंच्या तबेल्याला बाहेरून कुलूप आहे आणि आत घोडी दारावर लाथा मारतेय. इब्राहिमभाई डोंगरीला बहिणीकडे गेले होते ते तिकडेच अडकले होते. गमरे धावत जाऊन, कडी तोडून, घोडीला पाणी पाजून परत आले. माझ्या खिडकीपुढे उभे राहिले तेव्हा त्यांचा श्वास पुरत नव्हता.

"तीन दिवस आपल्याच मुतात उभी हाय. खूर पार मऊ झालेत. हितं कोरड्यात आनली नाय तर उद्या पायावर उभी ऱ्हायची नाय. तिथं साफ करायला जागाच नाय, गुडघाभर घाण."

"पण मोकळीक संपली आता. संध्याकाळपर्यंत थांबायचं?"

"संध्याकाळी सोडतील का नाय, कोन सांगनार?" त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "मला एक कागद लिवून द्या, बाई. दवाखान्याचा. कुनी अडवलं तर दाखवंन."

अशा कागदावर डॉक्टरांची सही लागायची. मला तो अधिकार नव्हता, आणि नोकरी जाण्याइतकी ती चूक होती. मी कागद ओढला. 'दवाखान्याचे ड्रेसर श्री. भिकाजी रावजी गमरे हे आजारी घोडीस उपचारासाठी आणत आहेत. कृपया जाऊ द्यावे.' मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत लिहिलं, 'डॉक्टरांकरिता' म्हणून माझी सही केली आणि शिक्का मारला. कागद देताना मला राहवलं नाही.

"गमरे, त्या दिवशीचा रिपोर्ट माझ्या हातचा होता. यादीत ते काम नव्हतं. मी बोलायला हवं होतं."

"ठावं हाय की," ते म्हणाले. कागदावर फुंकर घातली, शाई वाळली का बघितलं, घडी करून टोपीत ठेवला. "तवा बोलायला हवं व्हतं, हे खरं." टोपी डोक्यावर ठेवली. "आता ह्यो लिवलात. जातो मी. पानी गरम करून ठेवा, दोन बादल्या." आणि कोठीतली चार रिकामी गोणपाटं खांद्यावर टाकून ते निघून गेले.

मी स्टोव्ह पेटवला आणि खिडकीशी उभी राहिले. दुपारची वेळ. एरवी ज्या रस्त्यावर उभं राहायला जागा नसे, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा. गिरण्या बंद, भोंगे बंद. इतकी शांतता, की कोपऱ्यावरच्या चाळीत कुणाचं तरी तान्हं रडत होतं ते ऐकू येत होतं. आणि मग त्या रस्त्यावर घोडी आली. तिच्या टापांचा आवाजच नव्हता. गमऱ्यांनी चारही खुरांना गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं होतं. मऊ झालेल्या खुरांना खडा टोचू नये म्हणून, आणि नालांचा आवाज होऊन लोक खिडक्यांत गोळा होऊ नयेत म्हणूनही. घोडी एकेक पाय ठेवताना अंग आखडत होती. गमरे तिच्या गळ्यात हात टाकून, तिच्या कानाशी काहीतरी बोलत, तिच्याच चालीने चालत होते.

पोलिसांची गाडी आडव्या रस्त्यातून आली आणि त्यांच्यापुढे थांबली. तिघे उतरले, बंदुका घेऊन. गमऱ्यांनी सावकाश टोपी काढली, कागद पुढे केला. एकाने कागद वाचला, पुन्हा वाचला. दुसरा खाली वाकला आणि त्याने घोडीच्या मागच्या पायाला हात लावला. काहीतरी बोलणं झालं. मग गाडी वळली, आणि तो वाकलेला पोलीस घोडीच्या दुसऱ्या अंगाने, बंदूक पाठीवर टाकून, आमच्या फाटकापर्यंत चालत आला.

"साताऱ्याकडचा व्हता," गमरे आत आल्यावर म्हणाले. "म्हनला, मामा, डाव्या पायात ताप हाय. बरोबर वळखलंन."

ती दुपार मी पाणी देत राहिले. गमऱ्यांनी खूर धुतले, टिपले, कुजलेला भाग नखाएवढा नखाएवढा कापून काढला. मोरचुदाची पूड भरली, कापूस डांबरात बुडवून दाबून बसवला. पोटाखालची कातडी मुताने भाजल्यासारखी झाली होती. तिथे मुठेल लावताना ते पुन्हा पुन्हा बोटं काखेत धरून गरम करत होते. संध्याकाळी रेशमा भुशावर चारही पाय टेकून उभी राहिली. गमरे तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि बसल्या बसल्याच झोपले.

इब्राहिमभाई पाच दिवसांनी धावतपळत आले. तबेला रिकामा बघून त्यांनी घोडी गेलीच असं धरलं होतं. रेशमाला बघून ते ढसाढसा रडले आणि गमऱ्यांच्या पायांवर वाकले. गमऱ्यांनी पाय मागे घेतले. "मेरे पैर को क्या हुआ है? उसके पैर पकड. सीख." आणि पुढचे पंधरा दिवस त्यांनी इब्राहिमभाईंकडून रोज सकाळी खूर साफ करून घेतले. होळीच्या सुमाराला रेशमा गाडीला जुंपली गेली. दौड तिला पुन्हा जमली नाही, पण चालली.

त्या कागदाबद्दल डॉक्टरांनी मला काही विचारलं नाही. पाटकरांनी विचारलं. मी म्हटलं, "मी लिहिला." एवढंच. आणि त्यानंतर गमऱ्यांना मी 'अहो गमरे' म्हणू लागले. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आलंय का म्हणून.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी चार दिवसांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : 'दीक्षा घेण्यासाठी नागपूर.' परत आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, संत्र्यांची करंडी घेऊन. सालं घोड्यांना घातली, फोडी आम्हाला दिल्या. नोकरांच्या वहीत आपल्या नावापुढे धर्म बदलून घ्यायचा आहे म्हणाले. मी जुना शब्द खोडून 'बौद्ध' लिहिलं. त्यांनी वही उलटी फिरवून आपल्याकडे घेतली आणि बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला. काळ्याची मालिश ऱ्हायलीय."

मग टॅक्सी वाढल्या, व्हिक्टोरिया कमी झाल्या. पागेतली घोडी एकेक करून गेली, आणि एका हिवाळ्यात दवाखाना बंद करायचं ठरलं. भिंतींवर नव्या राज्याच्या घोषणा रंगवलेल्या होत्या. आता मुंबई आपली होणार हे सगळ्यांना कळलं होतं. दोनच म्हातारी घोडी उरली होती. ठाण्याच्या वाटेवरच्या एका पांजरपोळाने ती घ्यायचं कबूल केलं. पाटकरांनी लॉरी ठरवायची म्हटलं. गमरे नको म्हणाले. लॉरीत उभ्याने वारा लागतो, म्हाताऱ्या पायांना हिसके बसतात. "चालवत नेतो. दुपारपर्यंत पोचवंन."

माझाही तो शेवटचा दिवस होता. टेबल आवरून झालं होतं. मी म्हटलं, "शीवपर्यंत मी येते."

आम्ही दादर, माटुंगा करत चाललो. थांबत थांबत, घोड्यांच्या चालीने. लोक वळून बघत. "मामा, वरात कुनाची?" कुणीतरी ओरडलं. गमरे हसले. सगळा शहरातला रस्ता ते घोड्यांच्या उजव्या अंगाने चालत होते, मोटारी आणि बस यांच्या बाजूला. शीवला एका हौदावर त्यांनी घोड्यांना पाणी पाजलं, ओठ पुसले.

"तुमी परत कशा जानार?"

"बसने. आणि तुम्ही?"

"मी ऱ्हानार दोन-चार दिस. तिथल्या लोकांना यांची सवय लावून देतो." मग जरा अवघडून म्हणाले, "बरं, बाई. आईला जपा." आणि दोऱ्या हातात घेतल्या.

शीवच्या पुढे वस्ती विरळ झाली होती. घरं संपली तसा खाडीवरून, मिठागरांवरून वारा मोकळा अंगावर येऊ लागला, जानेवारीतला, बोचरा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होते. थोडं पुढे गेल्यावर गमरे थांबले. आता वर्दळ नव्हती, त्यामुळे ते नेहमीसारखे घोड्यांच्या डाव्या अंगाला येतील असं मला वाटलं. त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, हात वर करून तो कुठून येतोय ते बघितलं, आणि पुन्हा उजवीकडेच, खाडीच्या बाजूला उभे राहिले. मागचा म्हातारा घोडा ओढून त्यांनी आपल्या आडोशाला घेतला. मग तिघे एकमेकांना चिकटून चालू लागले. घोड्यांच्या पाठी उन्हात तांबूस दिसत होत्या. त्यांच्या कडेला पांढरी टोपी बराच वेळ दिसत राहिली, वाऱ्यात किंचित पुढे झुकलेली.